घरं दाखव, गहू नको

हिंगोली जिल्हा झाला तेव्हा शिरड शहापूरची शिवकन्या बी.ए. होऊन घरी बसली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

एक मे १९९९ला परभणीतून हिंगोली वेगळी निघाली. फटाके वाजले, पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की जिल्हा झाला खरा, पण त्याला बसायला खुर्च्या नाहीत. हळूहळू खुर्च्या आल्या. खुर्च्यांवर साहेब आले. साहेब आले म्हटल्यावर योजना येणारच. कारखाने कुठं काढायचे, रस्ते कुठून न्यायचे, झाडं कुठं राखायची, पुढच्या वीस वर्षांचं सगळं ठरवायचं होतं. त्यासाठी आधी जमिनीवर सध्या काय आहे ते कळायला हवं. आणि जमिनीवर काय आहे ते बघायला सरकारनं थेट आभाळात जायचं ठरवलं.

उपग्रहानं काढलेले फोटो घेऊन जिल्ह्याच्या भू-वापराचा नकाशा करायचा होता. शेती किती, जंगल किती, पडीक किती, पाणी किती, वस्ती कुठं. हे काम करायला एक तात्पुरतं कार्यालय उघडलं आणि भूगोलाचे पदवीधर कंत्राटावर हवेत अशी जाहिरात आली. शिवकन्येचा भूगोल होता. आवडीनं घेतलेला नव्हता. कॉलेजात इतिहासाचे सर झोपेत बोलायचे आणि भूगोलाचे सर गप्प झोपायचे, एवढ्याच फरकावर तिनं विषय निवडला होता.

मुलाखत घ्यायला बोधनकर साहेब होते. नांदेडचे, गोरेपान, कपाळाला कायम आठी. त्यांनी विचारलं, "जीपमधून उन्हातान्हात फिरावं लागेल. जमेल?"

"जीप असल्यावर काय सर, आमच्या फाट्यावर तर एस्टीबी थांबत न्हाई."

तिची निवड झाली. तिच्या आधी आलेल्या पोरानं नकाशा उलटा धरून त्यावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं होतं, त्याचीही मदत झाली.

कार्यालय म्हणजे खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली युरिया, वर नियोजन. खोलीत एक काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट. त्यावर उपग्रहाचा भलामोठा फोटो ठेवायचा, फोटोवर पारदर्शक कागद आणि पेन्सिलीनं एकेका रंगाची सीमा काढत जायची. हे रंगही सरळ नव्हते. उभं हिरवं पीक या फोटोत लालभडक दिसे, पाणी काळंनिळं, मोकळं रान फिकट आणि गाव राखेच्या रंगाचं. अख्खा फोटो बारीक ठिपक्यांचा. एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण पाच गुंठे. पाच गुंठ्यांच्या आतला माणूस त्या उपग्रहाच्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

पहिल्या महिन्यात शिवकन्या एक प्रत गुंडाळून घरी घेऊन गेली. तिचे वडील सटवाजी, हळदीचे शेतकरी, चष्मा लावून ओसरीवर बसले.

"आपलं रान कुठं हाय?"

तिनं पेन्सिलीचं टोक ठेवलं. सटवाजीनं बराच वेळ पाहिलं.

"माजी हळद लाल काहून?"

"दादा, उपग्रहाला हिरवं लालच दिसतं."

"आन् सरकारनं त्यालाच कामावर घेतलं? दुसरा कोनी भेटला न्हाई?"

तिनं अदृश्य किरणांचं समजावून सांगितलं. सटवाजीनं मान डोलावली आणि संध्याकाळी पारावर जाऊन सांगितलं की सरकारनं वर एक रातांधळा बसवलाय.

शिवकन्येला मात्र काम चढलं. वर्षभरात ती इतकी तयार झाली की लाल रंगाच्या छटेवरून गहू कुठला आणि ऊस कुठला ते सांगू लागली. एस्टीच्या खिडकीतून बाहेर बघताना तिला शेतं दिसत नसत, नकाशातले आकडे दिसत. आईला म्हणायची, "तुजं परसू म्हंजे वर्ग तीन, मिश्र." देव सगळं बघतो म्हणतात. पण त्याला ट्रेसिंग काढून महिनाअखेर कागद जमा करावा लागत नाही. शिवकन्येला लागत होता आणि ती तो वेळेवर करत होती. म्हणजे देवापेक्षा आपला अंमळ वरच नंबर आहे, असं तिला वाटू लागलं होतं. वय तेवीस, डोळ्यांखाली सबंध जिल्हा पसरलेला. वाटणारच.

एक नियम होता. फोटोवरून जे नक्की कळत नाही, तिथं स्वतः जाऊन बघायचं. त्यासाठी जीप होती आणि जीपला हरिचंद नावाचा ड्रायव्हर होता. हरिचंद हिंगोलीचाच, चाळिशीचा. त्याच्या तोंडात सुपारी आणि जीपच्या टाकीत जेमतेम डिझेल असे.

तर २००१च्या जानेवारीत अशीच एक जागा तपासायची राहिली होती. कळमनुरीच्या पुढं, डोंगरपिंपळा नावाच्या गावाच्या शिवारात. फोटोत फिकट रान, त्यावर तपकिरी ठिपके आणि एका टेकाडामागं लाल रंगाची एक चिंधी. गुरुवारी जायचं ठरलं. बुधवारी घरून निरोप आला की उद्या पुसेगावचे पाहुणे मुलगी बघायला येताहेत, आजच निघून ये.

पाहुणे आले. मुलाचं नाव शिवशंकर. पतसंस्थेत कारकून. तो सबंध वेळ पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढत बसला होता. बोलण्याचं काम त्याच्या मामाकडं होतं.

"पोरगी काय करती?"

"उपग्रहात हाय," सटवाजी छाती फुगवून म्हणाले.

"आसं. मंग बदली कुठं कुठं व्हती?"

सटवाजीनं लेकीकडं पाहिलं. शिवकन्या म्हणाली, "बदली न्हाई व्हत. जीपनं फिरती असती, जिल्ह्यात."

"जीपमधी आनखी कोन असतं?"

"ड्रायव्हर."

"बाप्या मानूस?"

"मामा, उपग्रह वरून जीप ढकलत न्हाई. ड्रायव्हर लागतोच की."

पाहुण्यांनी आणखी एकेक बशी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि आठवड्यानं कळवलं की मुलीचा स्वभाव फिरस्ता आहे. सटवाजी दोन दिवस गोठ्यातच बसून राहिले. आईनं भांडी आपटली. शिवकन्या हिंगोलीला परत आली ती सगळ्या मनुष्यजातीवर दात खाऊन.

इकडं महिना संपत आला होता. बोधनकर साहेबांना कागद हवा होता, लगेच. शिवकन्या हरिचंदला म्हणाली, "काका, डोंगरपिंपळ्याला जाऊन येऊ."

"ताई, जायला बराबर पुरंल. यायला ढकलत आनावं लागंल."

तिनं भिंग घेतलं. फिकट रानावर भिंग फिरवलं, तपकिरी ठिपके पाहिले, लाल चिंधी पाहिली. टेकाडावर खुरटं जंगल असेल, त्याच्या कडेला हिरवी झुडपं असतील. आणि त्या दिवशी तिला स्वतःलाच ज्याच्यावर कुणाचा जीव नाही अशा रानासारखं वाटत होतं. तिनं सीमा ओढली आणि आत लिहिलं: झुडपी पडीक. अर्धा मिनिट लागलं असेल. मग डबा उघडून जेवायला बसली.

वर्ष सरता सरता योजनेचा मसुदा तयार झाला. त्यात कळमनुरी या तालुक्याच्या गावासाठी कचरा डेपोची जागा दाखवायची होती. अट अशी की वस्ती नको, शेती नको, रस्ता जवळ हवा. नकाशावर पडीक दिसली की नियोजन करणाऱ्याचे हात शिवशिवतात. बोधनकर साहेबांनी डोंगरपिंपळ्याच्या त्या रानावर काळी चौकट काढली आणि हाताची धूळ झटकली. मसुदा लोकांच्या हरकतींसाठी कचेऱ्यांमधून टांगला गेला.

त्या रानात थावरा नाईकाचा तांडा होता.

बंजाऱ्यांची पन्नाससाठ घरं. कुडाच्या भिंती, गवताची नाहीतर मातीची छपरं, म्हणून वरून मातीचीच दिसलेली. फोटो निघाला तेव्हा अर्धा तांडा ऊसतोडीला गेलेला, दारं बंद. थावरा हा तांड्याचा नाईक, आणि नाईकाची नाईक त्याची बायको भिकाबाई. तांड्यातला मोहनसिंग कळमनुरीच्या शाळेत मास्तर होता. त्यानं तहसिलीत टांगलेला नकाशा वाचला आणि घरी येऊन सांगितलं, "काकी, आपन न्हाईत. आपल्या जागी कचरा हाय."

डिसेंबरातल्या एका सोमवारी भिकाबाई सातआठ बायकांना घेऊन खताच्या दुकानाचा जिना चढून आली. बोधनकर साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना एकदम परभणीची एक महत्त्वाची बैठक आठवली. ते मागच्या जिन्यानं उतरले. बायका आत आल्या. बाकड्यांवर फायली होत्या, म्हणून भिकाबाई काचेच्या टेबलावर बसली. तिच्या घागऱ्याच्या आरशांतून खालच्या ट्यूबचा उजेड सगळ्या खोलीभर उडाला.

"हे बुडाखाली गरम काहून लागतं?"

"मावशी, काच हाय ती, फुटंल," हरिचंद कळवळला.

ती उठली नाही. "फोटू काढनारा कोन हाय?"

हरिचंदानं बोट आढ्याकडं केलं. "त्यो वर असतो."

"मेला?"

"न्हाई, फिरून राहिला."

"उतरला की सांग. तवर आमी बसतो."

आतल्या खोलीतून शिवकन्या बाहेर आली. काय काम आहे विचारलं. भिकाबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"आमचा तांडा कोनी पुसला?"

शिवकन्येला आधी काही कळेना. मग डोंगरपिंपळा हे नाव आलं आणि न तपासलेली ती जागा आठवली. तिनं फोटो काढला, भिकाबाईला विनंती करून काचेवरून उठवलं आणि फोटो पसरला. भिकाबाई वाकली. हे काय, ते काय, विचारत गेली. हा कळमनुरीचा रस्ता, हा ओढा, हे तळं.

"मंग आमी हितं," म्हणत भिकाबाईनं जे बोट ठेवलं त्याखाली चारपाच गावं झाकली गेली. पण तांडा त्यात होता.

"मावशी, ते दिसत न्हाई बघा. वरून फोटो असतो. ल्हान घरं त्याला दिसत न्हाईत."

"माज्या नवऱ्यालाबी दिसत न्हाई. पर मी न्हाईच म्हनून त्यो लिवून देत न्हाई."

बायका हसल्या. हरिचंद हसला आणि सुपारी घशात गेली म्हणून खोकत बाहेर पळाला. शिवकन्येला हसू आलं नाही. झुडपी पडीक हे दोन शब्द तिच्याच हस्ताक्षरातले होते आणि तिच्या समोर झुडपं उभी राहून तिच्याकडं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "मी येते. सोता येऊन बघते."

ती गेली जानेवारीत. बोधनकर साहेबांनी परवानगी दिली नाही आणि नाकारलीही नाही. त्यांनी फक्त चष्मा पुसला. या वेळी टाकीत डिझेल होतं, हरिचंदानं कुठून आणलं ते कुणी विचारलं नाही.

तांड्यानं जय्यत तयारी केली होती. दारं सारवलेली, सेवालाल महाराजांच्या ओट्यावर नवा झेंडा. भिकाबाईनं तिला एकही घर न सोडता फिरवलं. हे हरिदासाचं, हे त्याच्या भावाचं, ही बालवाडी, हा हापसा, हा मोडका हापसा. नव्यानंच मिळालेलं जागा सांगणारं यंत्र हातात धरून शिवकन्या जिथं तिथं थांबे आणि आकडे लिहून घेई. शेरडं, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळे मागं मागं. एका म्हाताऱ्यानं तर यंत्रापुढं उभं राहून टोपी सरळ केली.

घरं झाली. भिकाबाई म्हणाली, "झालं. च्या घे आन् जा."

शिवकन्येनं फोटो काढला. टेकाडामागची लाल चिंधी अजून राहिली होती. "मावशी, त्या टेकाडामागं काय हाय?"

"काई न्हाई. काटे."

"बघून येते."

"साप हायेत."

"थंडीत साप न्हाई निघत."

भिकाबाई वाटेत आडवी उभी राहिली. "वाघ हाय."

"वाघ? हिंगोलीत?"

"नवा जिल्हा झाला. नवा वाघ आला."

शिवकन्या तिच्या बाजूनं निघून टेकाड चढली. मागून भिकाबाई आपल्या बोलीत कुणाला तरी हाका मारत, तिला शिव्या देत येत होती. टेकाडाच्या पलीकडं पोटऱ्यात आलेला गहू होता. सुरेख, दाट, वाऱ्यावर लवणारा गहू. बाजूला हरभरा, कडेला विहीर, विहिरीवर कडब्यानं झाकलेलं इंजिन. आणि पाण्याच्या दांडावर खोरं घेऊन थावरा नाईक. बायकोची हाक ऐकून त्याला काही सुचलं नाही. त्यानं खोरं खाली टाकलं आणि दोन्ही हात पसरून ताठ उभा राहिला.

"ते बुजगावनं हाय," भिकाबाई धापा टाकत म्हणाली.

बुजगावणं शिंकलं.

मग लपवण्यासारखं काही राहिलं नाही. तिघं लिंबाखाली बसली. हे रान गावाचं गायरान, म्हणजे गुरं चारायची सरकारी जमीन. भिकाबाईचं लग्न झालं तेव्हा इथं नुसते दगड होते. ते दगड तांड्यानं उचलले, विहीर तांड्यानं खोदली. पण कागदावर जमीन सरकारची, आणि तिथं पेरलेला गहू म्हणजे अतिक्रमण. हे कुणाला कळलं तर नोटीस येणार. म्हणून टेकाडाच्या मागं.

भिकाबाईनं शिवकन्येचा हात धरला. आता तिचा आवाज मऊ झाला होता. "पोरी, घरं दाखव. गहू नको दाखवू."

"मावशी, असं अर्धं न्हाई येत. घरं दाखवून गव्हाच्या जागी पडीक लिवलं तर डेपो गव्हावर येतो."

"मंग जंगल लिव."

"मंग फॉरेस्टवाले येतील."

"तळं लिव."

"मंग मासे कुठून आनू?"

थावरा पहिल्यांदाच बोलला. "लिवू दे तिला काय हाय ते."

भिकाबाई त्याच्यावर कडाडली, "तू बुजगावनं हाईस. गप उभा राहा."

शिवकन्या त्या दिवशी खरंच भांबावली होती. आजवर तिनं शेकडो जागांवर एकेक शब्द लिहिला होता. गहू तिला लाल दिसायचा आणि ती शेती लिहून पुढं जायची. शेती हा शब्द लिहिला तर कुणाच्या घरी पोलीस येईल, हा विचार तिच्या पेन्सिलीच्या वाटेत कधी आला नव्हता. शेवटी ती म्हणाली, "एकदा न बघता खोटं लिवलं. आता बघून खोटं न्हाई लिवनार. वस्ती तिथं वस्ती, शेती तिथं शेती. जमीन कोनाची, ते माज्या नकाशात नसतंच."

भिकाबाई उठली. चहा तयार होता, तो तिनं शेळीपुढं ओतला. शेळीनंही तो घेतला नाही.

हरकतींची सुनावणी फेब्रुवारीत झाली. मोठे अधिकारी औरंगाबादहून आले होते. जाडजूड, शांत, सारखा घाम टिपणारे गृहस्थ. खोली खच्चून भरलेली. एका बाजूला तांडा, दुसऱ्या बाजूला डोंगरपिंपळ्याचे सरपंच सोनाजी पाटील आणि त्यांची माणसं. बोधनकर साहेब उठले आणि म्हणाले की हा नकाशा उपग्रहाच्या शास्त्रीय पद्धतीनं तयार झालेला आहे, त्यात चुकीला वाव नाही.

शिवकन्या मागच्या रांगेत होती. ती उभी राहिली. पुढचं सगळं नंतर तिनंच मला सांगितलं.

"सर, उपग्रह चुकला नाही. मी चुकले. ती जागा तपासायला जायचं होतं, मी गेलेच नाही. बसल्या जागी लिहिलं."

बोधनकरांच्या आठीला आणखी एक आठी पडली. अधिकाऱ्यांनी घाम टिपायचं थांबवलं. "का गेला नाहीत?"

खोटं सांगता आलं असतं. आजारी होते, जीप नव्हती, काहीही. ती म्हणाली, "मला बघायला पाहुणे आले होते."

अधिकारी टेबलावर पुढं वाकले.

"मग? जमलं का?"

"नाही सर."

पहिले हसले ते अधिकारीच. मग खोली हसली. तांडा हसला, पाटलाची माणसं हसली. पुसेगावच्या त्या शिवशंकरला हे कळलं असतं तर त्यानं शेंगदाणे गिळले असते. हसू ओसरल्यावर शिवकन्येनं नवा कागद टेबलावर ठेवला: इथं वस्ती, इथं शेती, हे आकडे.

तेव्हा सोनाजी पाटील उठले. "साहेब, शेती म्हंत्यात ते समदं गायरान हाय. अतिक्रमन हाय. आधी ते उठवा, मंग डेपो करायचा का काय ते करा."

भिकाबाईनं शिवकन्येकडं अशी नजर टाकली की तिला जागच्या जागी जमीन फाटलेली बरी वाटली. अधिकारी म्हणाले, "गायरानाची हद्द दाखवा." बोधनकरांनी महसुलाच्या नकाशाची पारदर्शक प्रत आणली आणि फोटोवर ठेवली. थावरा नाईकाचा लाल गहू हद्दीच्या आत होता. बराबर आत. पण त्याच हद्दीत, ओढ्याच्या अंगाला, आणखी एक लाल पट्टा होता. त्याहून मोठा.

"हा ऊस कुणाचा?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

पाटलांनी टोपी काढून तिच्या आत काहीतरी शोधायला सुरुवात केली. त्यांच्याच बाजूला बसलेला एकजण दुसऱ्या कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर हळूच हात ठेवून उभा राहिला, कारण तो त्याचा कापूस होता. शिवारात ज्याला ज्याला पाय ठेवता आला होता त्यानं त्यानं गायरानात थोडा थोडा ठेवलेला होता. गुरांसाठी म्हणून जे उरलं होतं, त्यावर तर एक शेळीही नीट आडवी झाली नसती.

भिकाबाई पुढं आली. तिला फोटो कळत नव्हता, पण खोलीतला वारा कळला होता.

"साहेब, अतिक्रमन तर अतिक्रमन. आमी न्हाई म्हनत न्हाई. पर पडीक न्हाई. तुमी कचरा पडीक रानात टाकनार म्हनलात ना? मंग गव्हात टाकता? का पाटलाच्या उसात टाकता?"

"उसात नको," सोनाजी पाटील नकळत बोलून गेले.

अधिकाऱ्यांनी फोटो गुंडाळला. त्यांना संध्याकाळच्या आत औरंगाबाद गाठायचं होतं आणि अख्ख्या गावावर अतिक्रमणाचे खटले भरून ते गाठणं शक्य नव्हतं. डेपोची जागा रद्द, तांडा वस्ती म्हणून दाखवावा, गायरानाचं महसूल खातं बघून घेईल. पुढची हरकत.

महसूल खात्यानं बघून घेतलं. तलाठी आला, त्यानं थावरा नाईकाचं, पाटलांचं आणि आणखी बऱ्याच जणांचं नाव अतिक्रमणदार म्हणून नोंदवलं. पाटलांनी वकील लावला. तांड्याला विहिरीकडची एक पट्टी गुरांसाठी मोकळी सोडावी लागली. थावराला त्याचं फार लागलं. तो महिनाभर त्या पट्टीकडं पाठ करून बसायचा. बाकीचा गहू राहिला.

बोधनकर साहेबांनी शिवकन्येला काढलं नाही. त्यांनी मार्चमध्ये तिचं कंत्राट फक्त पुढं वाढवलं नाही. निरोपाच्या दिवशी चहा मागवला आणि म्हणाले, "तुम्ही हुशार आहात. पण सभेत हुशारी करायची नसते." तिनं चहा पिऊन कप तिथंच काचेवर ठेवला आणि गेली.

त्या उन्हाळ्यात कळमनुरीच्या आठवडी बाजारात तिला भिकाबाई दिसली. मिरच्या निवडत होती. शिवकन्या बिचकत जवळ गेली.

"मावशी, राग गेला का?"

"पहिलं आमी नव्हतोच," भिकाबाई मिरच्यांवरची नजर न काढता म्हणाली. "आता आमी सरकारी चोर हाव. तलाठ्यानं नावानिशी लिवलं. माज्या सासऱ्याचं नाव कदी कोन्या कागदावर आलं न्हाई." मग तिनं मान वर केली. "तू आमचं नुस्कानबी केलं आन् भलंबी केलं. कोन्तं जास्त ते मी अजून मोजून राहिले. तवर तुज्याशी बोलनार न्हाई."

आणि मग तासभर बोलली. शिवकन्येचं लग्न का जमत नाही यावर तिची ठाम मतं होती, ती सगळी सांगितली. मिरचीवाल्याचीही मतं त्यात आली.

शिवकन्या त्यानंतर सहा महिने घरी होती. मग सेनगावला पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागली. तिथं जीप नव्हती, उपग्रह नव्हता. ओढ्याओढ्यानं चालत जायचं आणि बांध कुठं घालायचा ते ठरवायचं. चालून चालून तिच्या चपलांचे अंगठे निघायचे. वरून बघण्याची सवय मोडायला तिला वेळ लागला. पहिल्या वर्षी ती गावात शिरायच्या आधी टेकडीवर चढायची. मग सुटलं ते. सटवाजी आता पारावर सांगू लागले की पोरगी उपग्रहातून खाली उतरली, बरं झालं.

लग्न तिनं २००५ मध्ये केलं. नवरा रामप्रसाद, रोपवाटिकेत कामाला. पहिल्या भेटीत त्यानं तिला एकच प्रश्न विचारला, की तुमच्या संस्थेला करंजाची रोपं हवीत का, कारण त्याच्याकडं फार उरली होती. तिला ती हवी होती. दोघांचं बोलणं रोपांवरच दीड तास चाललं आणि घरातल्या लोकांनी आत ठरवून टाकलं.

प्रादेशिक योजना मंजूर व्हायला पुढं बरीच वर्षं गेली. तोवर तालुक्याचं गाव कचरा टाकायचं थांबलं नव्हतं. तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पडत राहिला आणि योजनेत त्याचा रंग कुठलाच नव्हता.

मी शिवकन्येला शेवटची पाहिली ती २००८च्या उन्हाळ्यात, सेनगावच्या पेट्रोल पंपावर. स्कूटीवर पुढं लहानगी मुलगी उभी, मागं बांधांच्या आराखड्याची गुंडाळी. पंपवाल्याशी तिचं जोरात भांडण लागलं होतं. तो म्हणत होता आकडा शून्यावर आहे, ती म्हणत होती नाही. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. ती कुणाकडं बघेना. शेवटी पंपवाल्यानं हात जोडले, आकडा पुन्हा शून्यावर आणला, आणि तिनं वाकून, डोळे बारीक करून, तो स्वतः पाहिला तेव्हाच टाकीचं झाकण उघडलं.